इमॅक्स आणि अ‍ॅड-ऑन एकत्र इन्स्टॉल केले की कंपाइल होत नाही. दोन पॅकेजांचा क्रम जुळवायचा कसा?

अर्धविराम

डेबियन स्टेबलवर (लिनक्सचं एक वितरण) आमच्या टीमचं इमॅक्स या संपादकासाठीचं एक अ‍ॅड-ऑन आहे, त्याचं डेब पॅकेज (डेबियनवर इन्स्टॉल करायची फाइल) मी बांधतो. आत लिस्पच्या फायली आणि थोड्या शेल स्क्रिप्ट. बाइट-कंपाइल (लिस्पवरून जलद लोड होणारी ईएलसी फाइल बनवणं) पोस्टइन्स्टमध्ये, म्हणजे इन्स्टॉलच्या शेवटी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, होतं. ज्या मशीनवर इमॅक्स आधीपासून आहे तिथे काहीच तक्रार नाही. कोऱ्या मशीनवर एपीटी या इन्स्टॉलरच्या एकाच आज्ञेत इमॅक्स आणि अ‍ॅड-ऑन दोन्ही दिले की गंमत होते: एरर नाही, इन्स्टॉल पूर्ण, पण कंपाइल केलेल्या ईएलसी फायली कुठेच नाहीत.

पोस्टइन्स्टमध्ये अट साधी आहे. इमॅक्स कमांड सापडली तर कंपाइल कर, नाहीतर गप्प बाहेर पड. डिपेन्ड्समध्ये (सोबत हवीच अशा पॅकेजांच्या यादीत) इमॅक्स मुद्दाम टाकलेलं नाही, कारण काही सर्व्हरवर इमॅक्स नसतानाही त्या शेल स्क्रिप्ट लागतात.

याची रूढ पद्धत काय? स्क्रिप्टमध्ये स्लीप टाका असं कृपया सुचवू नका, एका सहकाऱ्याने ते आधीच सुचवलंय.

काळापडदा

डिपेन्ड्स टाका, विषय संपला. जीटीकेवालं (खिडक्यांचं) इमॅक्स किंवा नॉक्सवालं (टर्मिनलपुरतं), असे पर्याय मध्ये उभी रेघ देऊन लिहिता येतात. शेल स्क्रिप्ट वेगळ्या पॅकेजात काढा.

जुनाखिळा

स्क्रिप्ट वेगळ्या काढा हे बरोबर. पण डिपेन्ड्सने विषय संपत नाही, अर्धाच मिटतो.

आधी नेमकं काय घडतंय ते बघू. एपीटी एका दमात अनेक पॅकेजं घेतं तेव्हा 'एक पूर्ण, मग दुसरं' असं चालत नाही. एपीटीखाली प्रत्यक्ष इन्स्टॉल करणाऱ्या डीपीकेजीचे टप्पे दोन: अनपॅक (फायली डिस्कवर उतरवणं) आणि कॉन्फिगर (पोस्टइन्स्ट चालवणं). बरीच पॅकेजं आधी अनपॅक होतात, मग त्यांचे पोस्टइन्स्ट चालतात. दोन पॅकेजांमध्ये डिपेन्ड्सचं नातं नसेल तर कोणाचा पोस्टइन्स्ट आधी, याची हमी कोणीच देत नाही. तुमच्या बाबतीत इमॅक्सची बायनरी डिस्कवर आलेली असते, पण नुसत्या 'इमॅक्स' नावाची लिंक अपडेट-ऑल्टरनेटिव्ह्ज बनवतं, आणि ते इमॅक्सच्या स्वतःच्या पोस्टइन्स्टमधून चालतं. तुमचा पोस्टइन्स्ट त्याच्या आधी आला की कमांड सापडत नाही, तुम्ही शून्य परत करून बाहेर, डीपीकेजीच्या लेखी सगळं आलबेल. नंतर इमॅक्स कॉन्फिगर होतं, पण तुमचं अ‍ॅड-ऑन नावाची काही चीज आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

आता डिपेन्ड्स टाकलं असं समजा. पहिल्या इन्स्टॉलचं काम झालं. पुढे इमॅक्सची मोठी आवृत्ती बदलली की? तुमचं पॅकेज बदललेलं नाही, म्हणून तुमचा पोस्टइन्स्ट चालणार नाही, जुन्या ईएलसी फायली तशाच पडून राहणार. जुना बाइटकोड नव्या इमॅक्समध्ये बहुतेक वेळा चालून जातो, आणि म्हणूनच हा बग पकडायला त्रासदायक. मॅक्रो (कोड तयार करून देणारे साचे) कंपाइल करतानाच उलगडून फाइलमध्ये बसलेले असतात. एखादा मॅक्रो नव्या आवृत्तीत बदलला की तुमच्या फाइलमध्ये जुनंच रूप राहतं आणि तिसऱ्याच ठिकाणी विचित्र एरर येते.

म्हणजे प्रश्न क्रमाचा कमी आणि कोणी कोणाला कळवायचं याचा जास्त आहे. होस्ट, म्हणजे इथे इमॅक्स, आधी आला तरी काम व्हायला हवं, अ‍ॅड-ऑन आधी आलं तरी, आणि होस्ट नंतर बदलला तरीही.

पॅकमनपंथी

आमच्याकडे असले प्रश्नच येत नाहीत. :) आर्च लिनक्सच्या पॅकमन ५.० पासून (२०१६) हुक आहेत. अमुक डिरेक्टरीत काही आलं, बदललं, गेलं की व्यवहार (एका वेळचं सगळं इन्स्टॉल) संपल्यावर ही आज्ञा चालव, एवढी छोटी फाइल लिहायची. पोस्ट-ट्रान्झॅक्शन म्हणजे सगळी पॅकेजं जागेवर बसलेली, अर्धवट अवस्था नाहीच.

जुनाखिळा

@पॅकमनपंथी, मान्य, ते सुटसुटीत आहे. पण ते हुक फसलं तर पॅकमन काय करतं तेही सांगा की.

पॅकमनपंथी

एरर छापतं आणि पुढे जातं. फसल्यास थांब हा पर्याय फक्त व्यवहाराआधीच्या हुकांना आहे. नंतरचं फसलं तर फायली आधीच बसलेल्या असतात, थांबवणार काय? निस्तरायचं ज्याचं त्याने.

आरपीएमकर

आरपीएममध्ये (फेडोरा वगैरेंची पॅकेज पद्धत) नेमक्या या दुखण्यावर जुनं औषध आहे: ट्रिगरइन. अ‍ॅड-ऑनच्या स्पेक फाइलमध्ये (पॅकेज बांधायच्या कृतीत) 'इमॅक्सवर ट्रिगरइन' लिहिलं की ती स्क्रिप्ट दोन्ही बाजूंनी चालते. अ‍ॅड-ऑन आहे आणि इमॅक्स नंतर आलं किंवा अपडेट झालं तरी, आणि इमॅक्स आहे आणि अ‍ॅड-ऑन नंतर आलं तरी. शिवाय ४.१३ पासून फाइल ट्रिगरही आहेत, त्यात होस्टनेच एकदा लिहून ठेवायचं की या पाथखाली कोणाचीही फाइल आली तर मला उठवा. नव्या फायलींची नावं स्टँडर्ड इनपुटवर मिळतात, हा मोठा फायदा.

पण खरं सांगायचं तर फेडोरात इमॅक्ससाठी यातलं काही वापरत नाहीत. ईएलसी बिल्डच्या वेळीच बनवून पॅकेजमध्ये टाकतात, आणि ज्या आवृत्तीवर बिल्ड झालं तिच्याइतकं किंवा त्याहून नवं इमॅक्स हवं अशी रिक्वायर्स लावतात. वितरणात इमॅक्स एकच असेल तर इन्स्टॉलच्या वेळी प्रत्येकाच्या मशीनवर कंपाइल करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

अर्धविराम

@आरपीएमकर, हे मलाही वाटलं होतं. मी बिल्डमध्येच ईएलसी बनवून टाकल्या तर?

जुनाखिळा

तुमच्या सगळ्या मशीनवर डेबियनची एकच आवृत्ती असेल तर चालेल, आणि मी नाकही मुरडणार नाही. दोन वेगवेगळ्या रिलीजवर तेच डेब टाकणार असाल तर नको.

डेबियनने इन्स्टॉलच्या वेळी कंपाइल का निवडलं याला इतिहास आहे. एके काळी एकाच मशीनवर इमॅक्सच्या दोन-तीन आवृत्त्या आणि शेजारी एक्सइमॅक्स (इमॅक्सचीच वेगळी शाखा), असं सर्रास असायचं. त्या प्रत्येकाला डेबियनमध्ये फ्लेवर म्हणतात. अ‍ॅड-ऑनचं पॅकेज एकच, पण बाइटकोड प्रत्येक फ्लेवरसाठी वेगळा. बिल्ड करणाऱ्याला वापरणाऱ्याकडे कोणते फ्लेवर असतील हे कळणार कसं? म्हणून इमॅक्सेन-कॉमन नावाचं मधलं पॅकेज आलं. अर्धविराम, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे.

त्याची रचना अशी. अ‍ॅड-ऑन आपली एक इन्स्टॉल स्क्रिप्ट आणि एक रिमूव्ह स्क्रिप्ट इमॅक्सेन-कॉमनच्या ठरलेल्या डिरेक्टरीत ठेवतं. स्क्रिप्टला आर्ग्युमेंट म्हणून फ्लेवरचं नाव मिळतं आणि तिने त्या फ्लेवरपुरतं कंपाइल करायचं. अ‍ॅड-ऑनचा पोस्टइन्स्ट स्वतः काहीच करत नाही, इमॅक्सेन-कॉमनला 'मी आलोय' एवढं सांगतो. इमॅक्सचा पोस्टइन्स्टही तेच करतो, 'हा फ्लेवर आला'. इमॅक्सेन-कॉमन व्हार-लिब डिरेक्टरीखाली दोन नोंदी ठेवतं: कोणते फ्लेवर कॉन्फिगर झालेत आणि कोणती अ‍ॅड-ऑन आलीत. अ‍ॅड-ऑन आलं की नोंदीतल्या प्रत्येक फ्लेवरसाठी त्याची स्क्रिप्ट चालते. फ्लेवर आला की नोंदीतल्या प्रत्येक अ‍ॅड-ऑनची स्क्रिप्ट त्या फ्लेवरसाठी चालते, आणि तेव्हा अ‍ॅड-ऑनचं एकमेकांवरचं डिपेन्ड्स बघून क्रमही लावला जातो.

आता तुमची कोऱ्या मशीनची गोष्ट यात बसवून बघा. अ‍ॅड-ऑन आधी कॉन्फिगर झालं, फ्लेवरची नोंद रिकामी, म्हणून कंपाइल नाही. पण त्याची स्वतःची नोंद झाली. मग इमॅक्स आलं, त्याने नोंद वाचली, कंपाइल केलं. जो शेवटी येतो त्याच्या वेळी काम होतं. कमांड सापडते का हे कोणी विचारतच नाही, आणि तिथेच तुमची अट घसरत होती.

काळापडदा

म्हणूनच इमॅक्स अपग्रेड करताना इतक्या ओळी सरकत राहतात होय. मला वाटायचं काहीतरी बिघडलंय.

जुनाखिळा

हो. जुन्या फ्लेवरचं सगळं पुसायचं, नव्यासाठी सगळं पुन्हा कंपाइल करायचं.

मधलीसुट्टी

हाच आराखडा बाकी ठिकाणीही दिसेल. डीकेएमएस घ्या: एका बाजूला लिनक्सचा कर्नल, दुसऱ्या बाजूला बाहेरची मॉड्यूल. नवा कर्नल किंवा त्याची हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फायली) आली की कर्नलच्या हुक डिरेक्टरीतून डीकेएमएस उठतं आणि नोंदलेली मॉड्यूल त्या कर्नलसाठी बांधतं. मॉड्यूल नंतर आलं तर ते असलेल्या कर्नलसाठी बांधलं जातं. फक्त हेडर्स नसतील तर बांधणार काय, आणि मग रीबूटनंतर वायफाय गायब म्हणून धागे निघतात.

पायथनची गोष्टही जवळपास तीच. डेबियनमध्ये पॅकेजच्या पोस्टइन्स्टमधून पायथ्रीकंपाइल चालतं, आणि मुख्य पायथन बदलला की रनटाइम-डी मधल्या स्क्रिप्ट. पण पायथनने स्वतःच एक गोष्ट सोपी केली. ३.२ पासून (२०११) कंपाइल केलेली फाइल पायकॅश डिरेक्टरीत जाते आणि फाइलच्या नावातच इंटरप्रिटरची आवृत्ती असते. दोन आवृत्त्यांच्या फायली शेजारी शेजारी सुखाने राहतात. ईएलसीच्या नावात असं काही नसतं, म्हणून इमॅक्ससाठी फ्लेवरगणिक वेगळी डिरेक्टरी लागली.

निक्सवेडी

राहवत नाही म्हणून लिहिते. निक्स या पॅकेज मॅनेजरमध्ये पोस्टइन्स्टच नाही. इमॅक्स आणि हवी ती अ‍ॅड-ऑन मिळून एक नवी डेरिव्हेशन (बिल्डची कृती) होते, स्टोअर (पॅकेजांची जागा) रीड-ओन्ली, जे कंपाइल व्हायचं ते बिल्डमध्येच होतं. इमॅक्स बदललं की अ‍ॅड-ऑन पुन्हा बिल्ड होणारच, कारण ते इनपुट आहे. नोंदवही ठेवायची गरज नाही.

जुनाखिळा

@निक्सवेडी, तत्त्वतः तुमचीच बाजू भक्कम आहे. पण अर्धविराम यांच्या हातात डेब आहे आणि टीमची मशीनं बदलणं त्यांच्या हातात नसावं.

अर्धविराम

नाहीच. :) @जुनाखिळा, खूप स्पष्ट झालं. दोन शंका. एक, हे सगळं डीपीकेजी ट्रिगरने होणार नाही का? मॅनपेज आणि फॉन्टसाठी ट्रिगर चालताना दिसतात. दोन, माझ्या स्क्रिप्टमध्ये कंपाइल फसलं तर काय?

जुनाखिळा

ट्रिगर आधी. होस्ट पॅकेज 'या डिरेक्टरीत मला रस आहे' असं जाहीर करतं. तिथे कोणाचीही फाइल आली किंवा गेली की होस्टचा पोस्टइन्स्ट 'ट्रिगर्ड' या आर्ग्युमेंटने एकदा चालतो, सगळ्यांचं मिळून. मॅन-डीबी, फॉन्टकॉन्फिग यांना ते अगदी योग्य, कारण त्यांचं काम 'सगळी डिरेक्टरी पुन्हा वाच आणि एक कॅश बनव' एवढंच असतं. पण पोस्टइन्स्टला फक्त रस असलेल्या डिरेक्टरीचं नाव कळतं, कोणती फाइल बदलली ते कळत नाही. आरपीएमकर म्हणाले तशी यादी इथे मिळत नाही. शंभर अ‍ॅड-ऑन असतील तर कोणाचं कंपाइल करायचं हे स्वतः शोधत बसा.

दुसरं म्हणजे नुसता 'इंटरेस्ट' लिहिला तर ज्याने ट्रिगर उठवला ते पॅकेज ट्रिगर्स-अवेटेड अवस्थेत अडकून राहतं आणि तोवर त्याच्यावर अवलंबून असलेल्यांची डिपेन्डन्सी पूर्ण झाली असं धरलं जात नाही. दोन पॅकेजं एकमेकांसाठी अशी थांबली की 'सायकल फाउंड व्हाइल प्रोसेसिंग ट्रिगर्स' ही कुप्रसिद्ध ओळ दिसते. कॅश वगैरे बनवायची असेल तर 'इंटरेस्ट-नोअवेट' लिहा, म्हणजे ट्रिगर उठवणारं पॅकेज थांबत नाही.

आता फसण्याबद्दल. इथे इमॅक्सेन-कॉमनची रचना मला कधीच पटलेली नाही. एका अ‍ॅड-ऑनची इन्स्टॉल स्क्रिप्ट शून्याऐवजी दुसरं काही परत करते, 'एरर: इन्स्टॉल स्क्रिप्ट फ्रॉम अमुक पॅकेज फेल्ड' अशी ओळ येते, आणि पडतो कोणाचा पोस्टइन्स्ट? इमॅक्सचा. डीपीकेजीच्या यादीत इमॅक्सपुढे आयएफ, म्हणजे हाफ-कॉन्फिगर्ड. माणूस इमॅक्स पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतो, दोष तिसऱ्याचाच असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

म्हणून तुमच्या स्क्रिप्टमध्ये कंपाइल फसलं तर लॉग लिहा, स्क्रीनवर एक ओळ छापा आणि शून्य परत करा. ईएलसी नसेल तर इमॅक्स मूळ लिस्प फाइल वाचतं, थोडं हळू एवढंच.

मधलीसुट्टी

शून्य परत करण्याला माझा विरोध. गप्प बसणाऱ्या पोस्टइन्स्टमुळेच तर हा धागा निघाला ना? सीआयमध्ये (आपोआप चालणारं बिल्ड आणि चाचणी) इमेज बांधताना मला ते पडलेलंच हवं असतं.

जुनाखिळा

सीआयमध्ये ईएलसी आहेत का ते तपासणारी चाचणी लिहा आणि ती पाडा. वापरणाऱ्याच्या मशीनवर संपादक हाफ-कॉन्फिगर्ड करून ठेवू नका. यावर आपलं एकमत होणार नाही, राहू द्या.

आरपीएमकर

मी मधलीसुट्टीच्या बाजूने. पण डेबियनमध्ये पडण्याची किंमत होस्ट मोजतो हा मुद्दा खरा आहे. आरपीएममध्ये नंतरच्या स्क्रिप्टलेट फसल्या तर वॉर्निंग येते, पॅकेज इन्स्टॉल झालेलंच धरतात.

जुनाखिळा

अर्धविराम, हाताने हे सगळं लिहीत बसू नका. डीएच-एल्पा हे पॅकेज बांधायचं साधन वापरा. डेबियन डिरेक्टरीत एका फाइलमध्ये लिस्प फायलींची नावं द्यायची. इन्स्टॉल-रिमूव्ह स्क्रिप्ट आणि मेंटेनर स्क्रिप्टमधले तुकडे तो स्वतः बनवतो, आणि पॅकेजचं नाव एल्पा-अमुक असं ठेवतात. इमॅक्सशी नातं रेकमेन्ड्स (हे सोबत असावं) आणि एन्हान्सेस (हे त्यात भर घालतं) या दोन फील्डने जोडा. एपीटी रेकमेन्ड्स मूळ सेटिंगमध्ये आणतंच, ज्याला नको तो वगळू शकतो.

काढण्याच्या बाजूकडे मात्र लक्ष द्या, तिकडे कोणी बघत नाही. इन्स्टॉलच्या वेळी बनलेल्या ईएलसी फायली डीपीकेजीच्या यादीत नसतात. त्या तुम्ही पुसल्या नाहीत तर पॅकेज काढताना 'डिरेक्टरी रिकामी नाही म्हणून काढली नाही' अशी वॉर्निंग येते आणि कचरा मागे राहतो. शिवाय ही सफाई प्रीआरएममध्येच (काढण्याआधीच्या स्क्रिप्टमध्ये) व्हायला हवी. पोस्टआरएमपर्यंत (काढल्यानंतरची स्क्रिप्ट) तुमची रिमूव्ह स्क्रिप्ट स्वतःच डिस्कवरून गेलेली असते.

अजून एक. साइट-स्टार्ट-डी मध्ये सुरुवातीची फाइल टाकत असाल तर ती ईटीसीखाली असल्यामुळे कॉन्फफाइल (सेटिंगची फाइल) ठरते. पॅकेज रिमूव्ह केलं पण पर्ज (सेटिंगसकट पुसणं) केलं नाही तर ती तिथेच राहते, आणि मग प्रत्येक वेळी इमॅक्स उघडताना नसलेलं अ‍ॅड-ऑन लोड करायला जाते. फाइलच्या पहिल्याच ओळीत मुख्य लिस्प फाइल खरंच आहे का ते तपासा. डेबियनच्या इमॅक्स पॉलिसीतही हे स्पष्ट लिहिलंय, तरी लोक विसरतात.

काळापडदा

व्हिममध्ये हे फार शांत होतं. व्हिम-अ‍ॅडऑन-मॅनेजरच्या काळात पॅकेज इन्स्टॉल झालं म्हणजे अ‍ॅड-ऑन चालू झालं असं नसायचं. रजिस्ट्रीत एक यामल फाइल यायची, ज्याला हवं तो व्हिम-अ‍ॅडऑन्स कमांडने आपल्यापुरतं चालू करायचा. अपाचेची मॉड्यूलंही तशीच, मॉड्स-अव्हेलेबल आणि मॉड्स-एनेबल्ड. आणणं वेगळं, चालू करणं वेगळं.

मधलीसुट्टी

चांगला मुद्दा. सर्व्हरवर तर तेच बरं. सगळ्यांसाठी आपोआप लोड होणारं अ‍ॅड-ऑन हे मला पाहुण्याने घरातलं फर्निचर हलवल्यासारखं वाटतं.

अर्धविराम

आजची प्रगती. शेल स्क्रिप्टचं पॅकेज वेगळं काढलं, लिस्पचं डीएच-एल्पावर नेलं. कोऱ्या क्रूटमध्ये (वेगळ्या डिरेक्टरीत उभारलेल्या सिस्टममध्ये) दोन्ही एकत्र इन्स्टॉल केले, ईएलसी दिसतात. पण हा क्रम योगायोगाने बरोबर लागला की रचनेमुळे काम झालं, हे कसं पडताळायचं? एपीटी दर वेळी कोणता क्रम लावेल ते माझ्या हातात नाही.

जुनाखिळा

एपीटीला बाजूला ठेवा. दोन्हींच्या डिपेन्डन्सी आधी बसवून घ्या. मग डीपीकेजीला अनपॅकचा पर्याय देऊन इमॅक्स आणि अ‍ॅड-ऑनची सगळी डेब नुसती उघडा, कॉन्फिगर करू नका. मग कॉन्फिगरला फक्त अ‍ॅड-ऑनचं नाव द्या. या क्षणी ईएलसी नसायला हव्यात आणि एररही नको. मग इमॅक्स कॉन्फिगर करा, ईएलसी दिसायला हव्यात. नव्या क्रूटमध्ये उलट क्रमाने तेच करा. त्यानंतर इमॅक्स काढा, अ‍ॅड-ऑन ठेवा, ईएलसी गेल्या का बघा. इन्स्टॉल, काढणं आणि पर्ज यांनंतर मागे काय उरलं हे तपासायला पायुपार्ट्स आहे, ते बिल्डमध्येच जोडून टाका.

अर्धविराम

दोन्ही क्रमांनी बरोबर. इमॅक्स काढल्यावर ईएलसी जातात, पुन्हा टाकल्यावर येतात. पायुपार्ट्सने मात्र एक पकडलं: आम्ही स्निपेटची (कोडच्या तयार तुकड्यांची) एक एकत्रित यादी इन्स्टॉलच्या वेळी बनवतो, ती फाइल मागे राहते.

जुनाखिळा

ती यादी इमॅक्सच्या आवृत्तीवर अवलंबून आहे का?

अर्धविराम

नाही. नुसती टेक्स्ट फाइल. टीममधली इतर पॅकेजंही त्या डिरेक्टरीत स्निपेट टाकतात, म्हणून पुन्हा बनवावी लागते.

जुनाखिळा

मग हे ट्रिगरचं काम. त्या डिरेक्टरीवर इंटरेस्ट-नोअवेट लावा आणि पोस्टइन्स्टच्या 'ट्रिगर्ड' आणि 'कॉन्फिगर' या दोन्ही शाखांतून तीच स्क्रिप्ट बोलवा. स्निपेट टाकणाऱ्या पॅकेजांना काहीच करावं लागणार नाही. बनलेली यादी व्हार-कॅशखाली ठेवा, यूएसआरखाली नको, आणि प्रीआरएममध्ये पुसा.

निक्सवेडी

एक विचारू? टीममधल्या कोणी हेच अ‍ॅड-ऑन आधी इमॅक्सच्या आतून, पॅकेज-मेनूतून घेतलं असेल तर? त्यांच्या होममध्ये वेगळी प्रत असेल.

अर्धविराम

आहेत असे लोक. कोणती प्रत लोड होईल?

जुनाखिळा

इमॅक्सच्या आतला पॅकेज मॅनेजर, पॅकेज-डॉट-ईएल, दोन्ही जागा बघतं आणि ज्या प्रतीचा आवृत्ती क्रमांक मोठा ती सुरू करतं. एल्पा संग्रहातून घेतलेल्या काही प्रतींचा क्रमांक तारखेवरून बनलेला असतो, तो तुमच्या १.४ ला नेहमीच हरवेल. इमॅक्सच्या आत 'लोकेट-लायब्ररी' चालवायला सांगा, पाथ होमचा आला तर तिथली प्रत काढायला लावा. डीपीकेजी कोणाच्या होम डिरेक्टरीत हात घालत नाही, आणि घालूही नये.